आधी जेवून घ्या, मग हरवा

समोरच्या संघाचा सातवा गोल झाला तेव्हा उन्मेष साताळकर टाळ्या वाजवत होता. मनापासून, उभं राहून, शेजारच्या बाकावरच्या दोन चिनी आजोबांना "सी? सी?" करत. यात त्याची चूक नव्हती. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि संघाच्या क्रीडाप्रमुखाला हे सांगायला लागेल असं कुणाच्या डोक्यात येणंही कठीण होतं. आजोबांपैकी एकानं त्याच्या छातीवरचा बिल्ला वाचला, मैदानाकडे पाहिलं, पुन्हा बिल्ला वाचला आणि त्याच्या पाठीवर हलकेच थोपटलं. मयताला गेल्यावर थोपटतात तसं.

उन्मेषला धक्का बसला. हा त्या सीझनमधला पहिला धक्का. पुढच्या धक्क्यांच्या मानानं हा म्हणजे नुसती कोपरखळी होती.

आता, संख्याशास्त्र शिकवणारा अडतिशीतला माणूस फुटबॉलच्या मैदानावर कसा आला, तर अर्जात 'छंद' नावाचा रकाना असतो म्हणून. उन्मेषनं तिथं 'फुटबॉल' लिहिलं होतं. म्हणजे चार वर्षांतून एकदा टीव्हीवर बघणं. लॉरेल ब्रिज कॉलेजच्या प्रिन्सिपल मिसेस चुआ मात्र लिहिलेल्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या बाई होत्या.

कॉलेज स्वतंत्र होतं. स्वतंत्र म्हणजे कुठल्याही विद्यापीठाचं नाही, मंडळाचं नाही, लीगचं नाही. मॉलच्या चौथ्या मजल्यावर, नखं रंगवून देणारं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मध्ये ते वसलेलं होतं. त्याला मैदान नव्हतं, घसरगुंडीसुद्धा नव्हती, पण फुटबॉल संघ होता. संघाचं नाव ऑटर्स, म्हणजे पाणमांजरं. सिंगापूरमधली खरी पाणमांजरं टोळीनं हिंडतात, रस्ता ओलांडताना वाहतूक थांबवतात, श्रीमंतांच्या तळ्यातले महागडे मासे खाऊन जातात. कॉलेजच्या पाणमांजरांना सलग दोन पास देता येत नव्हते. गोलकीपर तन्मय हा सांगलीचा मुलगा हॉस्पिटॅलिटीचा डिप्लोमा करत होता. येणाऱ्याला अडवायचं नाही, हसून आत घ्यायचं, हे तो आठवडाभर वर्गात शिकायचा आणि शनिवारी त्याचं प्रात्यक्षिक द्यायचा.

पहिला सामना नऊ-शून्य असा आटोपला. सोमवारी मिसेस चुआंनी उन्मेषला बोलावलं.

"मिस्टर साताळकर, मला जिंकायला नको," त्या म्हणाल्या. "एक ड्रॉ. पूर्ण सीझनमध्ये एक बरोबरी. कॅन?"

"कॅन," उन्मेष म्हणाला. सिंगापूरमध्ये 'जमेल' या अर्थाचा हा शब्द तोंडातून आपोआप निघतो.

"गुड. तुमचं कॉन्ट्रॅक्टही सीझनबरोबरच संपतंय. तेव्हा रिझल्ट बघून बोलू."

कॉन्ट्रॅक्ट गेलं तर उपाशी मरायची वेळ येणार नव्हती. त्याची बायको मेधा चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत चांगल्या हुद्द्यावर होती. फक्त उन्मेषला मग तिच्या पासवर, म्हणजे तिच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर, राहावं लागलं असतं, आणि त्या कार्डावर त्याच्या फोटोखाली छापून आलं असतं: डिपेंडंट. हा शब्द त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. कार्ड दाखवताना आपण त्यावर अंगठा कसा ठेवू, याची त्यानं बसच्या कार्डावर तालीमही करून पाहिली. अंगठा पुरत नव्हता. त्यात भर म्हणजे घरात सासूबाई होत्या.

दमयंतीबाई तीन महिन्यांसाठी नातीकडे टॅम्पिनीसला आल्या होत्या. सासरे चिंचवडलाच राहिले होते, कुंड्यांना पाणी घालायला. पहिल्या सामन्याला दमयंतीबाई जावयाच्या संघासाठी म्हणून पाच पुडांचा डबा भरून बटाटेवडे घेऊन गेल्या. सामना संपल्यावर मैदानाशेजारच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, त्यांनी डबा उघडला आणि सरळ समोरच्या संघाकडे गेल्या.

"आई, आपली पोरं इकडे आहेत," उन्मेष म्हणाला.

"आपली पोरं आपलीच आहेत हो, उन्मेषराव. मैदान कुणी बुक केलंय?"

"मी."

"म्हणजे हे पाहुणे. पाहुण्यांना आधी."

समोरच्या कॅप्टननं नम्रपणे "नो थँक्यू, आंटी" म्हटलं. दमयंतीबाईंनी वडा वाढला. तो पुन्हा "नो, नो" म्हणाला. त्यांनी आणखी एक वाढला. बिचारा घाबरून तन्मयकडे पाहायला लागला, तेव्हा तन्मयनं त्याला नियम समजावून सांगितला.

"आमच्यात पहिलं 'नको' धरत नाहीत. ते फक्त लाजेखातर असतं. दुसऱ्या 'नको'चा अर्थ, भूक आहे. आणि तिसऱ्यांदाही नको म्हणालास, तर अर्धा वाढतात."

"आणि खरंच नको असेल तर?"

तन्मयनं विचार केला. "त्याला काही पद्धत नाही," तो म्हणाला.

डबा ऑटर्सपर्यंत पोचला तेव्हा त्यात फक्त तळाचा चुरा आणि एक मिरची होती. नऊ गोल खाऊन बसलेल्या पोरांनी ती मिरची वाटून घेतली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. म्हणजे वाईट होतं, पण समजण्यासारखं होतं. खरा गोंधळ मंगळवारी सुरू झाला.

स्वतंत्र कॉलेजशी खेळायला कुणी तयार नसतं. हरवून गुण मिळत नाहीत, आणि हरलो तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. उन्मेषनं महिनाभर निरनिराळ्या संघांना मेसेज पाठवले होते आणि त्यांवर नुसत्या निळ्या खुणा उमटल्या होत्या. मंगळवारी मात्र त्याचा फोन खणखणायला लागला. एक संघ म्हणाला शनिवारी येतो. दुसरा म्हणाला आम्ही शनिवारी येतो, त्यांना रविवार द्या. तिसऱ्या संघाच्या मॅनेजरनं आधी हवामानाची चौकशी केली, मग मैदानाची, मग उगाच खोकून विचारलं, "आणि... आंटी असणार ना?"

एका संघानं तर कमाल केली. हॉकर सेंटरमध्ये जेवणाचं ताट आणायला जाताना टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा अडवायची, अशी इथं रीत आहे आणि ती कायद्यापेक्षा कडक पाळली जाते. त्या संघानं व्हॉइड डेकवरच्या बाकावर टिश्यूचं पाकीट ठेवलं, वर तारीख लिहून. आठ दिवस कुणी त्याला हात लावला नाही.

लॉरेल ब्रिज ऑटर्स हा टॅम्पिनीसमधला सर्वांत मागणी असलेला संघ झाला. दुसरा सामना सहा-शून्य, साबुदाणा वडे. तिसरा आठ-शून्य, दडपे पोहे. चौथ्याला पाटवड्या होत्या, आणि पाच-शून्यवर आपण सुधारलो असं उन्मेषला वाटलं. नंतर कळलं की समोरच्यांनी शेवटची वीस मिनिटं घाई करून उरकली होती, वास येत होता म्हणून.

दर सामन्याला पाहुण्यांची पहिली पंगत, आणि ऑटर्सच्या वाट्याला चुरा. दर सामन्याला रिकाम्या डब्यात पाहुणे काहीतरी घालून परत देत, कारण रिकामा डबा परत करायचा नसतो हे दमयंतीबाईंनी कुठल्याही भाषेशिवाय त्यांना शिकवलं होतं. घरात अननसाच्या टार्टांची रास लागली. एका शनिवारी व्हॉइड डेकवर एक गणवेशातले गृहस्थ आले आणि म्हणाले की इतकी माणसं जेवतायत म्हणजे हा कार्यक्रम झाला, आणि कार्यक्रमाला परवानगी लागते. त्यांना तीनदा विचारण्यात आलं. ते हात धुऊन गेले, पण ऑनलाइन अर्ज भरायला सांगून गेले. अर्जात कार्यक्रमाचे प्रकार होते तीन: लग्न, अंत्यविधी, इतर. उन्मेषनं 'इतर' निवडलं. सामना बघून झाल्यावर त्याला वाटलं, दुसरा पर्याय जास्त प्रामाणिक ठरला असता.

"पापा, युवर टीम स्कोअर बिफोर ऑर नॉट?" असं त्याच्या आठ वर्षांच्या ऋतानं घरी विचारलं.

"अजून नाही, बाळा."

"नॉट इव्हन बाय अ‍ॅक्सिडेंट?"

उन्मेषनं संख्याशास्त्राच्या दृष्टीनं विचार केला. अपघातानंसुद्धा एक गोल व्हायला हवा होता. न होण्याची शक्यता इतकी कमी होती की त्याला स्वतःच्या विषयाबद्दलच शंका यायला लागली. शिवाय लोक त्याला रस्त्यात थांबवून सल्ले देत. खालच्या दुकानातली भाजीवाली म्हणाली, गोलची जाळी लहान करा. मैदानावरचे आजोबा म्हणाले, गोलकीपर दोन ठेवा. मेधानं सल्ला दिला नाही. तिनं फक्त एके दिवशी बँकेतून येताना डिपेंडंट पासची माहिती देणारं पान त्याला फॉरवर्ड केलं. "घाबरवत नाहीये," ती म्हणाली, "आपलं माहिती असावी."

एकच सामना राहिला होता. बुकित पंजांगच्या बाजूचा एक संघ, सीझनभर कुणाशीही न हरलेला. पार पश्चिमेकडून पूर्वेकडे, एलआरटीची छोटी गाडी बदलून, मग एमआरटी मेट्रोनं, असे ते फक्त जेवायला येणार होते; मध्ये फुटबॉलही उरकणार होते.

आणि इथं पद्माकरनं प्रवेश केला. पद्माकर त्यांच्याच मजल्यावर राहायचा, बँकेच्या रिस्क विभागात होता आणि जगातला प्रत्येक धोका त्याला दोन दिवस आधी कळायचा, स्वतःचा सोडून.

"अरे उन्मेष, तुमचा मूलभूत घोटाळा कळला मला," तो चहाचा कप हातात घेत म्हणाला. "तुम्ही त्यांना मॅचनंतर जेवायला घालता. सामन्याच्या आधी घाला की!"

"आधी?"

"श्रीखंड-पुरी. मसालेभात. वर भजी. आणि श्रीखंडात जायफळ. आपल्याकडे लग्नात दुपारी दोन वाजता मांडवात काय दृश्य असतं? मुलाचे काका एका कुशीवर, मुलीचे मामा दुसऱ्या. त्यांच्यातल्या कुणाला ड्रिबलिंग जमेल का?"

उन्मेषला धक्का बसला. पहिला धक्का नीतीचा होता. दुसरा धक्का असा की पहिला फार वेळ टिकला नाही.

"हे उत्तेजक द्रव्यात मोडत नाही?"

"उलट! निरुत्तेजक आहे. त्याविरुद्ध नियम नाही, मी बघितलंय. तुझी पोरं फक्त केळी खातील. हलकी राहतील."

"पण आईंना..."

"काकूंना काय सांगायचंय? म्हणावं, लांबून येतायत, भुकेले असतील. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. दमयंतीबाई तर मोहरूनच गेल्या. "बाई गं, एवढ्या लांबून? मग आधीच जेवू दे ना त्यांना. उपाशीपोटी का कुणी पळतं!" शुक्रवारी त्यांनी दह्याचा चक्का टांगला. तो बाथरूमच्या नळाला टांगलेला असल्यानं उन्मेष दिवसभर बिनआंघोळीचा राहिला. जायफळ किसायची वेळ आली तेव्हा पद्माकर स्वतः हजर होता. "काकू, आणखी थोडं. वासाला. आणखी. पाहुणे आहेत."

शनिवारी व्हॉइड डेकवर पंगत बसली. खरीखुरी, जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून. बुकित पंजांगचा कॅप्टन मार्कस हा सव्वासहा फुटी इंजिनियर मांडी घालायला शिकण्यात पाच मिनिटं घालवून शेवटी पाय पसरून बसला. दमयंतीबाईंनी विचारलं, "पुरी?" मार्कस म्हणाला, "येस, प्लीज." त्यांनी विचारलं, "श्रीखंड?" तो म्हणाला, "येस, प्लीज." पहिल्याच विचारण्याला! दमयंतीबाईंचा थोडा हिरमोड झाला. असं एका दमात हो म्हणणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. आग्रहाला कुठं वाव म्हणून नव्हता.

मिसेस चुआही आल्या होत्या, निकाल प्रत्यक्ष बघायला. त्या म्हणाल्या, "नो, नो, आय ऑन डाएट." त्यांना तीनदा विचारण्यात आलं आणि अर्धं वाढण्यात आलं. त्यांनी तन्मयला बाजूला घेऊन याचं कारण विचारलं, आणि तो समजावत असताना त्या मन लावून मान हलवत राहिल्या. हे उन्मेषला दिसलं, पण त्यात काही धोका आहे हे जाणवलं नाही. रिस्क विभागालाही जाणवलं नाही.

योजना छान चालली होती. फक्त तिच्यात दमयंतीबाईंचा हिशेब धरला नव्हता.

"अगं बाई, ही पोरं का कोपऱ्यात?" त्यांनी ऑटर्सकडे बघितलं. अकरा पोरं हातात एकेक केळं घेऊन पंगतीकडे टक लावून बसली होती. सीझनभर चुऱ्यावर काढलेली पोरं.

"आई, त्यांचं डाएट आहे," उन्मेष घाईनं म्हणाला.

"या वयात? सीझनभर मेल्यांच्या तोंडात घास गेला नाही माझ्या हातचा, आणि आज मी भरपूर केलंय. बसा रे पोरांनो!"

"आजी, सर म्हणाले की..." तन्मय म्हणाला, पण तोवर तो बसलेला होता.

त्यानंतर जे झालं ते बघून पद्माकरनं डोळ्यांवर हात ठेवला. बुकित पंजांगच्या संघानं जेवण केलं. ऑटर्सनी सूड घेतला. तन्मयनं चौदा पुऱ्यांनंतर मोजणं सोडलं. मग जावयाला सोडून कसं चालेल म्हणून उन्मेषला बसवलं, आणि जावयाला जो आग्रह होतो त्यापुढे तर पळायलाही वाट नसते. शेवटी रेफरी एकटाच उभा होता. त्यालाही तीनदा विचारण्यात आलं.

सामना सुरू झाला असं रेफरीनं जाहीर केलं. त्याच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागला, कारण दुसरा पुरावा नव्हता. बावीस माणसं मैदानावर विखुरलेली होती, लग्नाच्या मांडवात वऱ्हाड असतं तशी. चेंडू मध्यभागी होता. बराच वेळ मध्यभागीच होता. मग बुकित पंजांगचा एकजण त्याच्याकडे चालत गेला, चेंडूकडे बघितलं, आणि हा प्रश्न आपल्यापेक्षा तरुण माणसांनी सोडवावा अशा मुद्रेनं परत आला. दोन मैना मैदानाच्या मधोमध किडे टिपत होत्या. संपूर्ण पूर्वार्धात सर्वांत जास्त धाव त्यांचीच झाली. रेफरी मध्यवर्तुळात उभा राहूनच निर्णय देत होता, आणि ते निर्णय बहुधा 'असू दे' अशा स्वरूपाचे होते.

उन्मेष बाकावर शर्टाचं एक बटण सोडून बसला होता. डोळे मिटत होते, पण दर मिनिटाला तो घड्याळ बघत होता. शून्य-शून्य! मध्यंतर झालं, शून्य-शून्य. मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे आता त्याला माहीत होतं. बाजू बदलायला दोन्ही संघांना अकरा मिनिटं लागली. उत्तरार्धही तसाच सरकत गेला. डिपेंडंट हा शब्द त्याच्या डोळ्यांपुढून हळूहळू पुसट होत चालला. मिसेस चुआ त्याच्याकडे बघून किंचित हसल्या, की जांभई आवरली, कोण जाणे.

मग, अगदी शेवटी शेवटी, ऑटर्सच्या एका बचावपटूनं चेंडू आपल्याच गोलकीपरकडे परत दिला.

चेंडू निघाला. इतका हळू निघाला की बघणाऱ्या प्रत्येकाला आधी कळलं, मग पटलं, मग ओरडायला वेळ मिळाला. तन्मय गोलपोस्टला टेकून उभा होता. त्याचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर हॉस्पिटॅलिटीच्या पहिल्या धड्यातलं हसू होतं.

"तन्मय!" उन्मेष ओरडला.

"तन्मय भैया! वेक अप, लाऽऽह!" ऋता किंचाळली.

चेंडू त्याच्या पायाजवळून गेला. रेषेवर क्षणभर रेंगाळला, जणू 'येऊ का?' असं विचारत. कुणी 'नको' म्हटलं नाही. तो आत गेला आणि लगेच थांबला. तन्मय जागा झाला, त्यानं चेंडू बघितला, अदबीनं उचलला आणि समोरच्या संघाच्या हातात दिला.

शून्य-एक.

उन्मेष उभा राहिला आणि परत बसला. आणि त्याच क्षणी मैदानाच्या कोपऱ्यातला लाल दिवा लुकलुकायला लागला, भोंगा वाजला. विजांचा इशारा. सिंगापूरमध्ये तो झाला की मैदानावर कुणी थांबायचं नाही, मग आकाश कितीही निरागस दिसो. आणखी थोडा आधी वाजला असता तर! उन्मेषनं त्या भोंग्याकडे जसं बघितलं तसं त्यानं आजवर फक्त एका नातेवाइकाकडे बघितलं होतं.

सगळे व्हॉइड डेकवर जमले. रेफरीनं सांगितलं की इशारा मागे घेतला की उरलेली मिनिटं खेळायची. पद्माकर कपाळाला हात लावून म्हणाला, "जायफळ कमी पडलं हो, काकू!"

"कशाला कमी पडलं?" दमयंतीबाईंनी विचारलं.

पद्माकरनं सांगून टाकलं. गुपित पोटात राहिलं तर ते वाढतं, असा त्याच्या विभागाचा सिद्धांत असावा. श्रीखंड का, आधी का, जायफळ का, सगळं सांगितलं. मग वळून त्यानं तेच इंग्रजीत बुकित पंजांगच्या संघालाही सांगितलं. वर उन्मेषचं कॉन्ट्रॅक्ट, एका बरोबरीची अट आणि ते कार्ड, हेही सांगितलं. कार्डावर फोटोखाली काय छापून येतं हे सांगताना त्यानं बोटांनी हवेत चौकोन काढला.

हातातला वाढायचा डाव दमयंतीबाईंनी हळूच डब्यात ठेवला.

"उन्मेषराव," त्या म्हणाल्या, "पाहुण्याला झोपवायला करतात का श्रीखंड?"

उन्मेषला कॉन्ट्रॅक्ट, कार्ड, नऊ-शून्य, आठ-शून्य, सगळं एका बाजूला दिसलं आणि तो चक्का टांगलेला नळ दुसऱ्या बाजूला. मेधानं त्याच्याकडे बघितलं नाही. ती तिच्या आईकडेच बघत होती.

तिकडे बुकित पंजांगचा संघ घोळका करून कुजबुजत होता. मग मार्कस एकटाच पुढे आला. आता तो पुरता जागा होता.

"सर," तो म्हणाला, "इट्स ओके. वुई डिस्कस ऑलरेडी. आम्ही एक गोल देतो तुम्हाला. जस्ट वन. एक-एक. आमचं काय जातंय? कुणाची हरकत नाही. आंटीनं एवढं जेवायला घातलं, आणि आम्ही डब्यात घालायला काहीच आणलं नाही."

सगळे उन्मेषकडे बघत होते. बरोबरी! चालत आलेली, ताटात वाढलेली बरोबरी! उन्मेषच्या मनानं केव्हाच हो म्हटलं होतं. दोन्ही हात पुढे करून म्हटलं होतं. पण मन आणि तोंड यांच्या मध्ये अडतीस वर्षांचे संस्कार उभे होते.

"नो, नो, नो!" उन्मेष म्हणाला. "प्लीज! नो नीड!" आणि त्याचा उजवा हात आपोआप पुढे होऊन, बोटं पसरून, समोर नसलेल्या ताटावर आडवा झाला.

मार्कस दोन क्षण त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं एक पाऊल मागे घेऊन छातीवर हात ठेवला.

"ओके, सर," तो म्हणाला. "रिस्पेक्ट."

आणि गेला.

उन्मेषचा हात तसाच हवेत राहिला. आता हा वळेल, असं त्याला वाटलं. पुन्हा विचारेल. 'घ्या हो, सर, एकानं काय होतंय' म्हणेल. मार्कस वळला नाही. तो बुटाचे बंद बांधायला लागला. सीझनमधले सगळे धक्के एकत्र करून, उकळून, आटवले असते तरी हा धक्का तयार झाला नसता.

"तुला हवा होता ना रे गोल?" मेधा कानात म्हणाली.

"त्यानं परत विचारायला हवं होतं," उन्मेष पुटपुटला.

"तो बुकित पंजांगचा आहे, उन्मेष. चिंचवडचा नाही."

आपण स्वतःच जाऊन हो म्हणावं, असा विचार उन्मेषच्या मनात आला. त्यानं पाऊलही उचललं. पण समोर दमयंतीबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "चुकलात, पण शेवटी सावरलंत. माझ्या श्रीखंडाची लाज राखलीत हो."

उन्मेषनं उचललेलं पाऊल होतं तिथंच खाली ठेवलं.

भोंगा पुन्हा वाजला, सामना सुरू झाला. बुकित पंजांगचा संघ आता भारावलेला होता. ज्या माणसानं फुकटचा गोल नाकारला, त्याच्याशी कमी ताकदीनं खेळणं हा त्याचा अपमान झाला असता. म्हणून त्यांनी उरलेल्या मिनिटांत निव्वळ आदरापोटी आणखी तीन गोल केले. प्रत्येक गोलनंतर मार्कस बाकाकडे बघून छातीवर हात ठेवत होता.

शून्य-चार. सगळे सामने हरले, एकही गोल नाही. अपघातानंसुद्धा नाही.

शिट्टी वाजली तसा मार्कस पळत आला. शेवटच्या गोलनंतर तन्मयनं त्याला नियम सांगितला होता. "सर! आय डिडन्ट नो! तीनदा विचारायचं असतं? अलामाक! सर, गोल हवा? सर, हवा? सर?" पण रेफरीनं घड्याळ थांबवलेलं होतं, आणि मागून मिसेस चुआ येत होत्या.

उन्मेषनं शर्टाचं बटण लावलं. डिपेंडंट व्हायचं तर नीटनेटकं व्हावं.

"मिस्टर साताळकर," मिसेस चुआ म्हणाल्या, "मी सगळं ऐकलं. बरोबरी काय, कुणीही घेईल. त्यानं सर्वांसमोर देऊ केली आणि तुम्ही नाही म्हणालात. तुमचं कॉन्ट्रॅक्ट गेलं असतं, तरी. असा माणूस मला कॉलेजात हवाच. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढवते."

उन्मेषला जो धक्का बसला तो इतका सुखद होता की त्याला ओळखूच आला नाही. मेधानं त्याचा दंड घट्ट धरला.

"आणि पुढच्या सीझनला," मिसेस चुआ पुढे म्हणाल्या, "आपण होड्यांच्या शर्यतीसाठी नवीन टीम काढतोय. ड्रॅगन बोट. तुम्ही इनचार्ज. प्रत्येक सरावाला बोटीत तुम्ही पुढे बसायचं, ढोल वाजवायचा."

"नो, नो!" उन्मेष म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द थेट मनातून निघून, कुठंही न अडखळता तोंडावर आला होता.

मिसेस चुआ हसल्या. त्यांनी तन्मयकडे बघत एक बोट वर केलं. "वन," त्या म्हणाल्या. "ड्रॅगन बोट, मिस्टर साताळकर?"

"मॅडम, खरंच नको!"

"टू. ड्रॅगन बोट?"

"मॅडम, प्लीज, नको हो!"

"थ्री." त्यांनी समाधानानं मान हलवली. "ओके. तीनदा नको. मग अर्धा सीझन."

दमयंतीबाई तोवर डबे आवरत होत्या. त्यांनी ऋताला विचारून घेतलं की बाई काय म्हणतायत, आणि त्यांचे डोळे चमकले. "बोटीत किती जणं असतात गं?"

"ट्वेंटी-टू, आज्जी."

"म्हणजे समोरचे धरून चव्वेचाळीस," दमयंतीबाई म्हणाल्या. "वडेच बरे मग. पाण्यावर भूक लागते."

"मला पोहता येत नाही," उन्मेष मराठीत म्हणाला. मग इंग्रजीत म्हणाला. मग पाण्याची उंची हातानं दाखवून, ती आपल्या डोक्याच्या वर आहे, हेही दाखवलं.

मिसेस चुआ जरा थबकल्या आणि त्यांनी दमयंतीबाईंकडे प्रश्नार्थक बघितलं.

"तसंच म्हणतात हो ते," दमयंतीबाई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "वाढा तुम्ही."